वाचकांचे प्रश्न : जुनी घड्याळे आणि जुनी चांदी

लंबकाची उंच घड्याळे आणि इंग्लंडमधील जुनी चांदीची भांडी या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘याची किंमत किती येईल?’ असा प्रश्न आहे. छायाचित्र पाहून किंमत सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, त्यामुळे मीही ती सांगणार नाही. वस्तू हातात घेऊन तिच्यावर काय पाहावे, एवढेच येथे सांगता येईल.

प्रश्न : मी गेली अठरा वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. जवळच्या एका लिलावात महोगनी लाकडाच्या पेटीतले, माणसापेक्षा उंच घड्याळ पाहिले. तबकडी पितळी व चौरस असून तिच्यावर लंडनच्या एका कारागिराचे नाव कोरलेले आहे. चावीसाठी दोन भोके आहेत. यादीत मात्र ‘मॅरेज असण्याची शक्यता’ अशी नोंद आहे. याचा अर्थ काय, आणि ते ओळखायचे कसे?

उत्तर : एका घड्याळाचे यंत्र आणि दुसऱ्याच घड्याळाची पेटी एकत्र आणून जुळवलेल्या वस्तूला तिकडच्या व्यापारात ‘मॅरेज’ म्हणतात. पत्रिका न पाहता लावलेले लग्न म्हणा ना. यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. दगडी फरशी वर्षानुवर्षे ओल्या फडक्याने पुसली जाई आणि पेटीचा तळ कुजत जाई. पेटी टाकून द्यावी लागली, तरी यंत्र धडधाकट असे आणि मालक त्याला दुसरे घर शोधून देई. मुळातही यंत्र करणारा कारागीर आणि पेटी करणारा सुतार हे वेगवेगळे असत. तरीही जी दोन अंगे आरंभापासून एकत्र राहिली, ती एकमेकांवर खुणा सोडतात. आपल्याला त्या खुणाच शोधायच्या आहेत.

आधी हे घड्याळ एवढे उंच का, ते पाहू. हेग येथे क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये घड्याळाला लंबक जोडला आणि पुढच्या वर्षी सालोमन कोस्टर हा कारागीर तशी घड्याळे घडवू लागला. १६५८ मध्ये लंडनच्या फ्रोमांटील याने ती आपल्याकडे मिळतील अशी जाहिरातही केली. या पहिल्या घड्याळांचा लंबक आखूड असे आणि मोठे झोके घेई. १६७० च्या सुमारास लंडनमध्ये जहाजाच्या नांगराच्या आकाराचा नवा अडसर, म्हणजे चाकाचा एकेक दाता अडवून सोडणारा भाग, वापरात आला. त्यामुळे झोका लहान झाला आणि सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांबीचा, बरोबर एका सेकंदात एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा लंबक अरुंद पेटीत मावू लागला. आपण पाहिलेल्या पेटीची उंची त्या लंबकामुळे आणि आठवडाभर हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनांमुळे आलेली आहे.

आता आपल्या घड्याळाकडे येऊ. तबकडीची बाजू मोजा. सतराव्या शतकाच्या अखेरच्या तबकड्या साधारण दहा इंचांच्या असत, अठराव्या शतकात बारा इंचांचे माप रूढ झाले. महोगनीच्या पेट्या साधारण १७५० पासून सर्रास दिसतात. त्याच्या बऱ्याच आधीपासून लंडनच्या चांगल्या घड्याळांच्या तबकडीवर अर्धवर्तुळाकार कमान आलेली असते, चौरस तबकडी मात्र लंडनबाहेर परगण्यांत पुढेही चालू राहिली. म्हणून लंडनचे नाव, चौरस तबकडी आणि महोगनी ही तिन्ही एकत्र दिसली की माझ्या मनात तेथेच शंका येते. यादी करणाऱ्याच्याही मनात बहुधा तेच आले असावे.

शंका फेडायची तर टोप, म्हणजे तबकडी व यंत्र झाकणारा पेटीचा वरचा भाग, पुढे सरकवून काढण्याची परवानगी मागा. ती न देणाऱ्या लिलावातून घड्याळ घेऊ नये. टोपाच्या आतली लाकडी चौकट तबकडीभोवती नीट बसते का, की फट झाकण्यासाठी नव्या लाकडाच्या पट्ट्या लावल्या आहेत, ते पाहा. मग यंत्र ज्या आडव्या फळीवर बसते, ती फळी पाहा. फळी नवी असली एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण ती झिजते आणि बदलली जाते. पण पेटीच्या ज्या दोन उभ्या बाजूंवर ती टेकते, त्या बाजू वरून कापलेल्या असतील किंवा त्यांच्यावर लाकडाचे ठोकळे चढवून उंची वाढवलेली असेल, तर हे यंत्र या पेटीसाठी केलेले नव्हते. शेवटी विजेरी घेऊन तबकडीची मागची बाजू आणि यंत्राची पुढची पितळी पट्टी पाहा. तबकडीचे पाय जेथे बसतात त्यांखेरीज आणखी रिकामी किंवा बुजवलेली भोके असतील, तर तबकडीदेखील दुसरीकडून आलेली आहे. चावीची दोन भोके खरी आहेत का, हेही पाहा. साखळी ओढून रोज चालवायच्या स्वस्त घड्याळाला आठ दिवसांच्या घड्याळाचा रुबाब यावा म्हणून नुसती दिखाऊ भोके पाडलेली मी पाहिली आहेत.

नावाला मात्र फार महत्त्व देऊ नका. पितळेवरचे नाव घासून काढता येते आणि त्या जागी दुसरे कोरता येते. नावाच्या जागी बोट फिरवून पाहा. तेथला पत्रा आजूबाजूपेक्षा पातळ किंवा किंचित खोलगट लागला, तर नाव नंतरचे समजावे.

एवढे सगळे पाहून घड्याळ जुळवलेलेच निघाले, तरी घेऊ नका असे मी म्हणणार नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत इंग्लंडमध्ये परगण्यांतल्या उंच घड्याळांचे भाव पुष्कळ उतरले आहेत. जुळवलेले घड्याळ जुळवलेल्याच्या भावात मिळत असेल आणि आपल्या घराचे छत पुरेसे उंच असेल, तर खुशाल घ्यावे. छत मोजून मग लिलावाला जा, कारण टोपावरचे गोळे काढून ठेवावे लागलेली दोन घरे माझ्या माहितीत आहेत.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या घरी आजोबांनी घेतलेले, ‘अँसोनिया’ हे नाव असलेले भिंतीवरचे घड्याळ आहे. वेळ ठीक दाखवते, पण चार वाजता सात टोले देते. घड्याळजींच्या मते टोल्यांचे यंत्र झिजले असून आतले सर्व काढून बॅटरीचे यंत्र बसवणे सोयीचे होईल. आपला सल्ला काय?

उत्तर : बसवू नका. आपले घड्याळ झिजलेले नाही, त्याची मोजणी चुकली आहे, आणि ती दुरुस्त करायला घड्याळजींची गरजही नाही.

अँसोनियासारख्या अमेरिकन घड्याळांत टोल्यांसाठी एक वेगळे चाक असते. त्याच्या कडेवर वाढत्या अंतरावर खाचा असतात आणि एक आडवा दांडा खाचेत पडला की टोले थांबतात. एकपासून बारापर्यंतचे मिळून ७८ आणि प्रत्येक अर्ध्या तासाचा एक धरला तर ९० टोल्यांचा एक फेरा या चाकावर बसवलेला असतो. काटे कोठे आहेत हे या चाकाला कळतच नाही. मागच्या वेळी सहा दिले असतील, तर ते पुढच्या वेळी सात देणार. टोल्यांची चावी संपली आणि वेळेची शिल्लक राहिली, किंवा कोणी घाईत टोले पूर्ण होऊ न देता काटे फिरवले, की दोघांची फारकत होते. एडवर्ड बार्लो या इंग्रज पाद्र्याने १६७६ च्या सुमारास यावर तोड काढली. त्याच्या रचनेत टोल्यांची संख्या तासकाट्याबरोबर फिरणाऱ्या गोगलगायीच्या आकाराच्या तबकडीवरून ठरते, त्यामुळे चूक टिकतच नाही. पण अमेरिकेतल्या कारखान्यांनी आपल्या स्वस्त, भरभक्कम घड्याळांत जुनी खाचांचीच पद्धत पुष्कळ काळ चालू ठेवली.

चार वाजता सात टोले पडू द्या. ते पूर्ण झाले आणि मिनिटकाटा बारावर असला, की फक्त तासकाटा दोन बोटांत धरून हलकेच सातवर आणा. या घड्याळांत तो नळीवर नुसता घट्ट बसवलेला असतो आणि सहज फिरतो. आता मिनिटकाटा पुढच्या दिशेने फिरवत, प्रत्येक अर्ध्या आणि पूर्ण तासाला टोले संपेपर्यंत थांबत, खऱ्या वेळेपर्यंत या. काटा मागे फिरवू नका. यानंतर दोन्ही चाव्या आठवड्यातून एकाच दिवशी पूर्ण द्या. बहुतेक अमेरिकन घड्याळांत उजवी चावी वेळेची आणि डावी टोल्यांची असते.

तेलाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. खोबरेल तेल घालू नका, नाशिकच्या थंडीत ते थिजते. शिवणयंत्राचे तेलही नको. घड्याळाचे तेल वेगळे मिळते आणि तेही चाकांच्या दात्यांना लावायचे नसते. दाते कोरडेच हवेत, नाहीतर धूळ चिकटून त्यांची कानस होते. पितळी पट्टीच्या ज्या भोकात चाकाचा आस फिरतो, तेथे टाचणीच्या टोकावर राहील एवढा थेंब पुरतो.

आणि बॅटरीचे यंत्र का नको, तर कनेक्टिकट राज्यात सुरू होऊन पुढे ब्रुकलिनला गेलेली ही अँसोनिया कंपनी १९२९ मध्ये बंद झाली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. काढून टाकलेल्या यंत्राच्या बदल्यात तसेच नवे कोणी देणार नाही. जुन्या बाजारात नव्या पेटीत नवी तबकडी आणि नवी छापील चिठ्ठी लावलेली घड्याळे पुष्कळ मिळतात. आपले खरे आहे हे दाखवणारी जी गोष्ट शिल्लक आहे ती म्हणजे ते पितळी यंत्र आणि त्याच्यावरचा कंपनीचा ठसा.

प्रश्न : आईच्या माहेरून आलेल्या लाकडी डब्यात सहा मोठे चमचे, तीन दातांचा एक काटा आणि वेगळ्या घडणीचे आठ काटे आहेत. चमच्यांच्या दांड्यामागे पाच बारीक ठसे आहेत : चालणारा सिंह, मुकुट असलेले जनावराचे तोंड, इंग्रजी लहान लिपीतला ‘एन’, माणसाचे डोके आणि वळणदार अक्षरांत ‘एच बी’. आठ काट्यांवर चार चौकटींत ‘ई पी एन एस’ अशी अक्षरे आहेत. ठाण्याच्या आमच्या सराफांचे म्हणणे असे, की टंच काढून सर्व मोडीत घालावे आणि त्या वजनाची ताटे-वाट्या कराव्यात. मोडावे का?

उत्तर : आठ काटे आधी बाजूला ठेवा, कारण ते मोडून हाती काहीच लागणार नाही. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या ज्या मिश्रणाला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिला आहे, एवढाच त्या चार अक्षरांचा अर्थ. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले, तेव्हा हे काटे त्यानंतरचे. चौकटीत अक्षरे बसवण्याची ती मांडणी खऱ्या ठशांची आठवण व्हावी म्हणूनच केलेली असते.

चमच्यांची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडमध्ये चांदी १००० भागांत ९२५ भाग शुद्ध असली पाहिजे, असा कायदा १३०० सालचा आहे, आणि आपण जनावराचे म्हणता ते बिबट्याचे तोंड ही त्या कसाची सर्वांत जुनी खूण. पुढे लंडनच्या सुवर्णकारांच्या सभागृहात माल नेऊन कस लावून घ्यावा लागे. ‘हॉलमार्क’ हा आपल्या सराफांच्याही रोजच्या बोलण्यातला शब्द त्या सभागृहावरून, म्हणजे हॉलवरून आला. १४७८ पासून वर्षाचे, म्हणजे दर वर्षी बदलणारे, अक्षर आणि १५४४ पासून चालणारा सिंह त्यात आला. माणसाचे डोके हे राजाचे असून चांदीवरचा कर भरल्याची ती पावती आहे. १ डिसेंबर १७८४ पासून १८९० पर्यंतच ती उमटवली जाई.

आता ‘एन’ वाचू. लंडनच्या अक्षरांचा फेरा वीस अक्षरांचा असतो, त्यात ‘जे’ गाळलेला असतो. लहान लिपीतला एक फेरा १७७६ मध्ये सुरू झाला आणि दुसरा १८१६ मध्ये, तेव्हा आपला ‘एन’ १७८८ चा तरी असेल किंवा १८२८ चा. दोन्ही वेळी राजाचे डोके आहेच. निवाडा करतो तो बिबट्याचा मुकुट. १८२१ मध्ये तो मुकुट काढून टाकण्यात आला. आपल्या बिबट्याच्या डोक्यावर तो आहे, म्हणून आपले चमचे १७८८ चे, आणि नेमके बोलायचे तर १७८८ च्या मे अखेरपासून १७८९ च्या मेपर्यंतचे, कारण अक्षर त्या काळी मे महिन्यात बदलत असे. भिंग घेऊन मुकुट पुन्हा एकदा पाहा. चाळीस वर्षांचा फरक त्या दाण्याएवढ्या खुणेवर ठरतो आहे.

वळणदार ‘एच बी’ हा लंडनमध्ये चांदीकाम करणाऱ्या हेस्टर बेटमन हिचा ठसा असण्याची शक्यता मोठी आहे. १७६० मध्ये पती वारल्यानंतर पुढच्या वर्षी तिने स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला आणि १७९० पर्यंत, वयाच्या ऐंशीच्या पुढे जाऊनही, तो चालवला. नाव ऐकून हुरळून मात्र जाऊ नये. मुले, सून, उमेदवार अशा सर्वांचा तो मोठा कारखाना होता, चमचे तर त्यांनी ढिगांनी केले, आणि आजही ते नियमित विकायला येतात. तरीही ते मोडीच्या भावात जाण्याच्या लायकीचे खचितच नाहीत.

तीन दातांच्या काट्याबद्दल मी साशंक आहे. इंग्लंडमध्ये जेवणात काट्याचा सर्रास वापर सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. त्यामुळे सुरुवातीचे काटे दुर्मिळ आणि चमचे उदंड, हे व्यस्त प्रमाण पाहून पुढे कित्येकांनी जुन्या चमच्यांची वाटी कापून दात काढले. अशा काट्याचे दात कागदासारखे पातळ लागतात, कारण चमच्याच्या वाटीचा पत्राच मुळी पातळ असतो. अस्सल काट्याचे दात बुंध्याशी जाड आणि भरीव असतात. ठसेही पाहा. ठोकून लांबवलेल्या धातूवरचे ठसे ताणल्यासारखे लांबट दिसतात.

मोडण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सराफ काही जगावेगळे सांगत नाहीत. चांदीची भांडी म्हणजे वेळेला उपयोगी पडणारी पुंजी, आणि जुने मोडून नव्या धाटणीचे करणे हा शहाणपणा, असे आपल्या आज्या मानत आल्या आणि इंग्लंडमधली घराणीही तेच मानत आली. १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांनी आपली भांडी राजा पहिला चार्ल्स याला दिली आणि त्यांची नाणी पाडली गेली. १६६० पूर्वीची इंग्लिश चांदी आज एवढी विरळा का, याचे मोठे कारण अशी वितळवणूक हेच आहे. उलटही घडले. १६९० च्या दशकात लोक नाणी कातरून, वितळवून भांडी करू लागले, तेव्हा सरकारने १६९७ मध्ये भांड्यांसाठी ९५८ भागांहून अधिक शुद्ध चांदीची सक्ती केली, म्हणजे नाण्यांची चांदी थेट भांड्यांत जाऊ नये. १७२० मध्ये ती सक्ती उठली. आपल्या हयातीत १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला, तेव्हाही चांगली चांगली जुनी भांडी भट्टीत गेली. चांदीचा भाव चढला, की हा सल्ला प्रत्येक पेढीवर ऐकू येतो. तो देण्यात सराफांचा दोष नाही, घडणावळ हा त्यांचा व्यवसायच आहे. ताटे-वाट्यांसाठी दुसरी चांदी घ्या.

प्रश्न : आमच्याकडे पानाफुलांत प्राणी गुंफलेली, सापाच्या आकाराची मूठ असलेली चांदीची किटली आहे. तळाशी फक्त ‘ओ. एम. भूज’ असे आहे. वर्षाचे अक्षर का नाही?

उत्तर : ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीवर सक्तीने ठसे उमटवण्याची इंग्लंडसारखी व्यवस्था नव्हती, म्हणून कारागिराच्या खुणेपलीकडे काही मिळत नाही. ही खूण कच्छच्या दरबाराचे कारागीर उमरसी मावजी यांची आहे. त्यांचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. या खुणेच्या नकला होतात, तेव्हा उठावाचे काम जाणकाराला हातात देऊनच दाखवा.

प्रश्न : सासूबाई चांदी दंतमंजनाने, कधी रांगोळीने घासत आल्या आहेत. पुण्यातल्या आमच्या दुकानदारांनी यंत्रावर उजळा द्यायला सांगितले. घरात दोन जुनी इंग्लिश भांडीही आहेत. योग्य काय?

उत्तर : सासूबाईंचा हात यंत्रापेक्षा बरा, पण दोन्ही टाळावे. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन चांदीवर जो काळा थर चढतो, त्यात चांदीच असते. तो घासून काढताना दर वेळी भांड्याचा एक पापुद्रा जातो. दंतमंजन आणि रांगोळी ही खरखरीत, तर यंत्राचे फिरते चाक कोरीव रेषांच्या कडा गोल करून ठशांची नाके-डोळे पुसून टाकते. रोज वापरलेली चांदी फारशी काळवंडत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सुती फडके बहुतेक वेळा पुरते. रबरबँड मात्र चांदीजवळ आणू नका. रबरातल्या गंधकामुळे बरोबर त्याच्या रुंदीची काळी रेघ उमटते आणि ती सहज जात नाही. चमच्याने अंडे खाल्ले असेल तर लगेच धुवा, आणि मीठ चांदीत साठवू नका. मिठाने भांड्याला खड्डे पडतात. इंग्लिश मीठदाण्या आतून सोन्याचा मुलामा दिलेल्या का असत, ते यावरून ध्यानात येईल.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात एका भांड्याच्या तळाशी टोकदार सुईने ओरखडल्यासारखे ‘१४’ आणि ‘१०’ असे अंक दिसतात. ते खोडून घ्यायचा आपला विचार असल्याचे वाचून हे उत्तर प्राधान्याने दिले. ते भांडे तयार झाले त्या वेळचे वजन आहे : १४ औंस १० पेनीवेट (वीस पेनीवेटांचा एक औंस), म्हणजे साडेचौदा ट्रॉय औंस. एका औंसाचे ३१.१ ग्रॅम धरले, तर सुमारे ४५१ ग्रॅम. भांडे वजनकाट्यावर ठेवा. दहापंधरा ग्रॅम कमी भरले तर ती दोन-अडीच शतकांच्या घासण्याची झीज. चांगलेच कमी भरले तर झाकण हरवले असेल किंवा कोणी कोरलेले कुलचिन्ह घासून काढले असेल. आणि जास्त भरले तर नंतर काहीतरी डाख देऊन जोडले आहे. असा जोड डोळ्यांना दिसला नाही, तरी भांड्यावर तोंडाची वाफ सोडा. वाफेने पृष्ठभाग धूसर होतो आणि डाखाची रेघ क्षणभर वेगळी उठून दिसते. लहान चमच्यावरचे ठसे कापून मोठ्या भांड्याच्या तळात बसवण्याची लबाडीही याच वाफेने उघडी पडते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. कोल्हापूरच्या घरातले, बाणांची फुली ही खूण असलेले पणजोबांचे घड्याळ आणि एक जुना इंग्लिश चांदीचा पेला अमेरिकेला नेता येईल का?

उत्तर : भारतातील १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार कमीत कमी शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू भारतातच घडलेली असावी, अशी अट त्या व्याख्येत नाही, त्यामुळे ‘पेला तर लंडनचाच आहे’ हा युक्तिवाद चालणार नाही. नियम मोडल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पेल्यावरचे अक्षर वर सांगितल्याप्रमाणे वाचा. तो शंभर वर्षांपूर्वीचा निघाला तर तो कोल्हापुरातच राहू द्या.

घड्याळाचे काम थोडे अवघड आहे. बाणांची फुली ही जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधील श्राम्बर्ग गावच्या हॅम्बर्ग अमेरिकन कंपनीची खूण. ती कंपनी १९३० मध्ये युंगहान्स या शेजारच्या कंपनीत विलीन झाली. म्हणजे आपले घड्याळ शंभरीच्या अलीकडचे की पलीकडचे, हे खुणेवरून ठरत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला वस्तू दाखवून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि मगच तिकीट काढावे. प्रमाणपत्र मिळाले तर प्रवासात लंबक काढून वेगळा बांधा. तो तसाच लटकत ठेवला, तर ज्या पातळ पोलादी पट्टीवर तो झुलतो ती पहिल्याच धक्क्याला मोडते.

प्रश्न : चहासाठी केलेली इंग्लंडमधली सर्वांत जुनी चांदीची किटली कोणती?

उत्तर : माहीत असलेल्यांपैकी सर्वांत जुनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बर्कले घराण्याच्या जॉर्ज लॉर्ड बर्कले यांनी ती १६७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या समितीला भेट दिली. त्याआधी दोनच वर्षे, १६६८ मध्ये, या कंपनीकडे मुंबई आली होती. किटली आज आपण ओळखतो तशी बसकी, गोल नाही. ती उंच आहे, वर निमुळती होत जाते, तिला सरळ तोटी आणि शंकूसारखे झाकण आहे. त्या काळच्या कॉफीच्या भांड्यांची घडण अशीच असे. ही चहाची किटली आहे हे कळते ते तिच्या अंगावर कोरलेल्या मजकुरावरून. त्यात तिला चहाचे भांडे म्हटले आहे आणि देणाऱ्याचे नाव व साल दिले आहे. कोणी उत्साही माणसाने तो मजकूर घासून भांडे लखलखीत केले असते, तर संग्रहालयाच्या कपाटात त्याच्यापुढे ‘कॉफीचे भांडे’ अशी पाटी लागली असती.